लताबाईंची सगळी गाणी, पहिल्यापासून

लता मंगेशकरांची सगळी गाणी त्यांनी गायली त्याच क्रमानं ऐकायची ठरवली, तर पहिल्याच गाण्यापाशी थांबावं लागतं. ते गाणं ऐकायला मिळतच नाही. मार्च १९४२मध्ये वसंत जोगळेकरांच्या ‘किती हसाल’ या मराठी चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकरांनी चाल लावली, गाणं मुद्रित झालं आणि चित्रपट पडद्यावर येण्याआधी कापलं गेलं. गाणारी मुलगी तेव्हा साडेबारा वर्षांची होती. पुढच्याच महिन्यात, २४ एप्रिलला, वडील मास्टर दीनानाथ गेले आणि घर चालवण्यासाठी ही मुलगी चित्रपट-दिग्दर्शक मास्टर विनायकांकडे कामाला लागली. ‘पहिली मंगळागौर’मध्ये तिनं छोटी भूमिका केली आणि दादा चांदेकरांच्या चालीवर गाणंही म्हटलं. पुढे विनायकांची प्रफुल्ल पिक्चर्स कोल्हापुरात उभी राहिली, तेव्हा मंगेशकर कुटुंब कोल्हापूरला आलं. १९४५ साली कंपनीनं मुंबईला बस्तान हलवलं, तेव्हा लताही मुंबईला गेली.

कोल्हापूरच्या माणसाला लताबाईंच्या गाण्यांच्या यादीबद्दल जी आपुलकी वाटते, तिचं कारण हे आहे. धाकट्या आशाचं पहिलं चित्रपटगीतही प्रफुल्लच्याच १९४३ सालच्या ‘माझे बाळ’मधलं, दत्ता डावजेकरांच्या चालीवरचं. पुढे या दोघी बहिणींची नावं सर्वाधिक गाणी मुद्रित करणाऱ्या कलावंत म्हणून गिनीजच्या पुस्तकात गेली. या दोन लांबलचक गानयाद्यांची सुरुवातीची पानं एका कोल्हापुरी चित्रपट कंपनीत लिहिली गेली आहेत.

पण लताबाईंची ही यादी नक्की केवढी?

१९७४ साली गिनीजनं लिहिलं की लताबाईंनी १९४८ ते १९७४ या काळात वीस भारतीय भाषांत किमान २५,००० गाणी गायली. मोहम्मद रफींनी त्याला हरकत घेतली. त्यांच्या बाजूनं २८,०००चा आकडा पुढे आला. नंतरच्या आवृत्त्यांत लताबाईंचा आकडा ३०,०००वर गेला आणि १९९१नंतर ती नोंदच छापणं बंद झालं. बातम्यांतून आणि भाषणांतून मात्र आकडा वाढत राहिला. ५०,००० गाणी हे तर आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं आहे. स्वतः लताबाई सांगत की आपण गाण्यांची मोजदाद ठेवलेली नाही आणि गिनीजवाल्यांना आकडा कुणी दिला तेही आपल्याला ठाऊक नाही.

आता कागद-पेन्सिल घेऊन बसा. १९४८ ते १९७४ ही दोन्ही टोकं धरून २७ वर्षं होतात. २५,०००ला २७नं भागलं की वर्षाला ९२६ गाणी येतात. म्हणजे दिवसाला अडीच. त्यात आजारपण नाही, सुट्टी नाही, दौरा नाही, तालीम नाही, दिवाळी नाही. आणखी एक ताळा करून पाहा. त्या काळात वर्षाला शंभर-सव्वाशे हिंदी चित्रपट निघत. २७ वर्षांत तीन हजारांच्या आसपास. चित्रपटामागे सरासरी आठ गाणी धरली, तर सगळ्या हिंदी चित्रसृष्टीची मिळून गाणी होतात सुमारे २४,०००. त्यात रफी आले, तलत आले, मुकेश, किशोर, मन्ना डे, गीता दत्त, शमशाद आणि आशाही आल्या. ही सगळी गाणी एकट्या लताबाईंच्या नावावर टाकली, तरी गिनीजचा आकडा भरत नाही. इतर भाषांतली गाणी मोजली तरी ही एवढी तफावत भरून निघण्यासारखी नाही.

खरी मोजणी केली ती गाण्याच्या वेडानं झपाटलेल्या साध्या माणसांनी. कानपूरच्या हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी ‘हिंदी फिल्म गीत कोश’ तयार केला. १९३१ ते १९८०, दशकाला एक खंड. त्यात प्रत्येक चित्रपट, त्यातलं प्रत्येक गाणं, गायक, गीतकार, संगीतकार आणि जिथे मिळाला तिथे तबकडीचा क्रमांकही. आपल्याकडे विश्वास नेरुरकरांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची चिकाटीनं बांधली. चित्रपटगृहाबाहेर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका, ग्रामोफोन कंपन्यांच्या याद्या, तबकड्यांवरची लेबलं हे सगळं गोळा करून, एकेका गाण्यासमोर खूण करत हे काम झालं. अशा मोजणीतून लताबाईंच्या १९९१पर्यंतच्या हिंदी चित्रपटगीतांचा जो आकडा पुढे आला, तो आहे ५,०२५. रफींचीही हिंदी चित्रपटगीतं अशाच मोजणीत साडेचार हजारांच्या आसपास भरली.

पुष्कळ चाहत्यांना हा आकडा ऐकून वाईट वाटतं, जणू कुणी लताबाईंच्या खात्यातून काही काढून घेतलं. मला उलट वाटतं. या पाच हजारांचा आवाका एकदा नीट पाहिला, की फुगवलेल्या आकड्याची गरजच उरत नाही.

गाणं सरासरी साडेतीन मिनिटांचं धरू. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर मावायचं तेवढंच, पुढच्या काळातली गाणी थोडी लांब. ५,०२५ गाण्यांना २९३ तास लागतात. न झोपता, न जेवता सलग ऐकलं तर बारा दिवस आणि वर पाच तास. तुलनेला मोत्सार्टचं समग्र संगीत घ्या. त्याच्या २२५व्या मृत्युवर्षी, २०१६ साली, ते २०० सीडींच्या संचात निघालं. ते २४० तासांचं आहे. बाखच्या समग्र संगीताचा २२२ सीडींचा संच २८० तासांचा. बीटल्सची सगळी अधिकृत गाणी दोनशेच्या थोडी वर आहेत. ती सकाळी लावली तर संध्याकाळपर्यंत संपतात. मोत्सार्ट आणि बाख यांनी ते संगीत रचलं आणि शेकडो वादक-गायकांनी ते वाजवलं, गायलं. इथे २९३ तास एकच गळा आहे.

हीच गाणी सगळी जुन्या तबकड्यांवर आहेत अशी कल्पना करू. एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटांत तबकडी सुमारे २६० फेरे घेते आणि सुई खाचेतून जवळपास १४० मीटर चालते. पोलादी सुई नियमाप्रमाणे दर बाजूला बदलायची असे. सुयांची डबी यायची दोनशेची. म्हणजे पंचवीस डब्या संपवून वर आणखी पंचवीस सुया लागतील, आणि त्या सगळ्या सुयांची मिळून वाटचाल भरेल ७०० किलोमीटर. कोल्हापुरातून निघून मुंबई गाठायची आणि परत कराडपर्यंत यायचं, एवढी.

आता या सगळ्याचा रोजच्या आयुष्यातला हिशेब पाहा, कारण मला सांगायचं आहे ते इथेच आहे. ५०,००० गाणी खरोखर असती, तर रोज तासभर ऐकून ती संपायला आठ वर्षं लागली असती. २५,०००ना चार वर्षं. एवढा मोठा आकडा समोर आला की माणूस दुरून नमस्कार करतो आणि आपली नेहमीची वीस गाणी परत लावतो. ५,०२५ गाणी मात्र रोज तासभर ऐकली तर २९३ दिवसांत संपतात. पाडव्याला सुरुवात केली तर पौषात शेवटचं गाणं. मराठी, बंगाली, गुजराती आणि इतर भाषांतली गाणी धरली तर काम पुढे सरकेल, पण आवाक्याबाहेर जाणार नाही. ७७ वर्षांची गायकी एका माणसाच्या एका वर्षात मावते. खोट्या आकड्यानं आपल्याला या शक्यतेपासूनच दूर ठेवलं.

याच्या अगदी उलट टोकाची, ऐकण्याची एक संथ गती महाराष्ट्रानं पूर्वी अनुभवली आहे. कोल्हापुरात जन्मलेल्या सुधीर फडक्यांनी गदिमांच्या शब्दांना चाली दिल्या आणि १ एप्रिल १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवं गीत ऐकू येऊ लागलं. ‘गीतरामायणा’ची ५६ गीतं संपायला वर्षाहून जास्त काळ लागला. लोकांनी ती क्रमानं, वाट पाहून ऐकली. त्याच गतीनं, आठवड्याला एक गाणं, लताबाईंना ऐकायचं म्हटलं तर ९६ वर्षं लागतील. त्या स्वतः ९२ वर्षं जगल्या.

क्रमानं ऐकायचं हे ठरवणं सोपं आहे, क्रम लावणं फार अवघड. मोबाइलवरच्या ॲपवर भरवसा ठेवू नका. तिथे १९५०चं गाणं कुठल्याशा संग्रहाचं साल लावून बसलेलं असतं आणि एकच गाणं बारा संग्रहांतून बारा वेळा भेटतं. छापील याद्यांतही मतभेद आहेत. लताबाईंचं पहिलं हिंदी गाणं ज्या मराठी चित्रपटात होतं त्या ‘गजाभाऊ’चं साल कुठे १९४३ दिसतं, कुठे १९४४. आणि चित्रपटाचं साल पक्कं असलं तरी गाण्याचं साल तेच असेल असं नाही. ‘पाकीज़ा’ प्रदर्शित झाला फेब्रुवारी १९७२मध्ये. संगीतकार ग़ुलाम मोहम्मद १९६८ सालीच वारले होते आणि त्यांची गाणी त्याच्याही बरीच आधीची. प्रदर्शनाच्या सालाप्रमाणे यादी लावली तर ‘पाकीज़ा’तला तो तरुण, पाणीदार आवाज सत्तरच्या दशकातल्या गाण्यांच्या मध्ये येऊन बसतो आणि लक्ष देऊन ऐकणारा चमकतो. ‘मुग़ल-ए-आज़म’ही असाच वर्षानुवर्षं रेंगाळला आणि १९६० साली पडद्यावर आला. ‘वीर-ज़ारा’ची गोष्ट आणखी वेगळी. मदनमोहन १९७५ साली गेले, त्यांच्या न वापरलेल्या चाली त्यांच्या मुलानं बाहेर काढल्या आणि २००४ साली पंचाहत्तर वर्षांच्या लताबाई त्या गायल्या. ही गाणी कुठल्या साली ठेवायची? गायिकेची यादी असेल तर २००४ला, संगीतकाराची असेल तर तीस वर्षं मागे. माझं मत, गळ्याचं वय पाहायचं आणि त्याप्रमाणे ठेवायचं.

नावांचा गोंधळ वेगळाच. १९४९च्या ‘महल’मधलं जे गाणं त्यांना घरोघरी घेऊन गेलं, त्याच्या तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. हे चित्रपटातल्या पात्राचं नाव. पार्श्वगायकाचं नाव लेबलवर द्यायची पद्धतच नव्हती. आकाशवाणीकडे पत्रांचा ओघ लागला, तेव्हा खरं नाव लोकांपर्यंत गेलं. गाणं दुरून जवळ येतंय असं वाटावं म्हणून खोलीच्या मध्यभागी मायक्रोफोन ठेवून त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत आल्या होत्या. तेव्हा आवाज मागाहून जुळवायची सोय नव्हती. वादक, गायक, सगळे एकत्र. एखाद्या वादकाची चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. मुद्रण पुष्कळदा रात्री, चित्रीकरण संपून स्टुडिओ शांत झाल्यावर. पाच हजारांतलं प्रत्येक गाणं ऐकताना हे मनात ठेवावं. ऐकायला साडेतीन मिनिटं लागतात, गायला अनेकदा अख्खी रात्र गेली आहे.

इतका खटाटोप करून क्रमानंच का ऐकायचं, असं कुणी विचारेल. कारण क्रमानं ऐकताना जे ऐकू येतं ते आवडत्या गाण्यांच्या संग्रहात कधीच येत नाही. सुरुवातीच्या गाण्यांत नूरजहाँची छाया स्पष्ट आहे. ‘बडी माँ’मध्ये या मुलीनं नूरजहाँबरोबर छोटं काम केलं होतं आणि त्या काळी गाणं म्हणजे तसंच हा समज होता. १९४८च्या आसपास ‘हा आवाज फार पातळ आहे’ म्हणून एका निर्मात्यानं तिला नाकारलं, ग़ुलाम हैदरांनी ‘मजबूर’मध्ये गायला लावलं आणि पुढच्याच वर्षी ‘अंदाज़’, ‘बरसात’, ‘महल’. त्या वर्षाच्या गाण्यांत अक्षरशः महिन्यागणिक छाया सरकताना कळते. कुणाच्या तरी सारखं गाणारी मुलगी जाते आणि जिच्यासारखं पुढे सगळ्या मुली गाऊ पाहणार ती गायिका येते. एकेकटी गाणी ऐकून हा बदल हाती लागत नाही. चाळीस गाणी सलग ऐकली की लागतो.

नसलेली गाणीही क्रमात ऐकू येतात. ओ. पी. नय्यरांच्या एवढ्या गाजलेल्या चित्रपटांत लताबाईंचं एकही गाणं नाही. पन्नासच्या दशकाच्या शेवटी सचिनदेव बर्मन यादीतून अचानक नाहीसे होतात आणि ‘बंदिनी’च्या सुमारास परत येतात. साठच्या दशकाच्या मध्यात रफींबरोबरची युगुलगीतं थांबतात. गाण्यांच्या रॉयल्टीवरून दोघांत मतभेद झाला आणि काही वर्षं ते एकत्र गायले नाहीत. लताबाईंचं म्हणणं असं की गाणं विकलं जाईल तसा गायकाला वाटा मिळत राहावा. रफी म्हणत, एकदा मानधन घेतलं की आपला हक्क संपला. या बाबतीत लताबाईंची बाजू काळानं खरी ठरवली असं मी मानतो. भांडणाची हकीकत आपण लेखांत वाचतो. तासामागून तास ऐकत असताना तो दुसरा गळा येईनासा होतो, तेव्हा त्या भांडणात ऐकणाऱ्यांनी काय गमावलं ते समजतं.

पुढचा काळ ऐकणं कठीण आहे, हे सांगितलं पाहिजे. ऐंशीच्या दशकात गाणी सुमार होत जातात, वाद्यांचा कल्लोळ वाढतो, वरच्या सुरांत गळ्यावर ताण येतो. पुष्कळ रसिक १९७५लाच थांबायचा सल्ला देतात. तो मानू नये. मार्च २०१९मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, मुद्रित झालेलं शेवटचं गाणं ऐकताना त्याआधीची पाच हजार कानांत असली पाहिजेत. सूर कुठे लावायचा हे तेव्हाही पक्कं आहे. श्वास तेवढा कमी पडतो.

मोठ्या यादीचं कौतुक करताना कोल्हापूरनं आपल्याच गावातलं एक शून्य विसरू नये. अल्लादियाखाँसाहेब १८९५ साली शाहू महाराजांच्या दरबारात आले आणि १९२२ साली महाराज जाईपर्यंत इथे राहिले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी या गावात रुजली, वाढली. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याकडे शिकले. गावानं त्यांचा पुतळा उभारला. भारतात पहिलं गाणं तबकडीवर उतरलं १९०२ साली, खाँसाहेब वारले १९४६ साली. मधली चव्वेचाळीस वर्षं यंत्र हाताशी होतं, तरी त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही. त्यांचं समग्र गाणं ऐकायला लागणारा वेळ शून्य सेकंद. एका शिष्येचं, केसरबाईंचं, साडेतीन मिनिटांचं भैरवीतलं गाणं मात्र ऑगस्ट-सप्टेंबर १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसवून अवकाशात गेलं. व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललं आहे. ते गाणं आपण इथे एकदा ऐकेपर्यंत तिथली तबकडी साडेतीन हजार किलोमीटर पुढे गेलेली असते, काश्मीर ते कन्याकुमारीहून जास्त. लताबाईंची २९३ तासांची यादी आपण सलग ऐकून संपवू तोवर ती पावणेदोन कोटी किलोमीटरहून जास्त पुढे जाईल, पृथ्वीपासून चंद्राच्या अंतराच्या सेहेचाळीस पट. जगातली लांबलचक यादी असो नाहीतर एकच गाणं असो, गळ्यातलं उरतं ते कुणीतरी ते वेळेवर उतरवून ठेवलं तरच.

ज्यांना २९३ तास फार वाटतात, त्यांनी कोल्हापूरच्या भागापासून सुरुवात करावी. संगीतकार म्हणून लताबाईंचं काम जवळपास सगळं मराठी चित्रपटातलं आहे. १९५०चा ‘राम राम पाव्हणं’ स्वतःच्या नावानं आणि मग ‘आनंदघन’ या नावानं कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांसाठी ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’ आणि ‘तांबडी माती’. १९६३ ते १९६९ एवढाच काळ. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा आनंदघन कोण हे जगाला कळलं. हिंदीत त्या वेळी त्यांना क्षणाची उसंत नव्हती आणि तरी लोहाराच्या भात्याशी, शेताच्या बांधाशी शोभतील अशा चाली त्या बांधत होत्या. एका रविवारी दुपारपासून रात्रीपर्यंत ही सगळी गाणी क्रमानं ऐकून होतात.

एक काम मात्र कोल्हापुरातच होऊ शकतं. १९४२ ते १९४५चा काळ हा या यादीचा सर्वांत विरळ भाग आहे आणि त्याचे कागद असतील तर इथल्याच जुन्या घरांत, पेट्यांत आणि माळ्यांवर असणार. प्रफुल्ल, नवयुग या कंपन्यांच्या किंवा त्या काळातल्या कुठल्याही चित्रपटाची गाण्यांची पुस्तिका, जाहिरातीचं पत्रक, फुटकी का होईना तबकडी सापडली तर रद्दीत किंवा भंगारात घालू नका. तबकडीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलांचे आणि लेबलाजवळ कोरलेल्या क्रमांकाचे स्वच्छ फोटो काढा, कारण कुठलं गाणं आधी आणि कुठलं नंतर हे बहुतेक वेळा त्या क्रमांकावरूनच ठरतं. मग ती वस्तू पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला दाखवा. १९६४पासून ते अशाच वस्तू जपत आलं आहे.